लांबलचक कोडचं खापर टाइपवर फोडू नका

स्टॅटिक टाइप, म्हणजे कोणती किंमत कोणत्या प्रकारची (आकडा, मजकूर वगैरे) हे कोड चालण्याआधीच तपासणं, म्हटलं की कोड लांबणारच, हा समज रुजला तो बहुतांशी जावा या प्रोग्रामिंग भाषेमुळे. पण हास्केल ही भाषाही स्टॅटिकच, तेही जावापेक्षा कडक, आणि तिथे बहुतेक ठिकाणी टाइप लिहावाच लागत नाही. कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्रासाठी भाषांतरित करणारा प्रोग्राम, स्वतःच तो ओळखतो. लांबी येते ती दुसरीकडून.

जावातला साधा बिंदू घ्या. एक्स आणि वाय, दोनच फील्ड. जावा १६ च्या आधी त्यासाठी बिंदू तयार करणारा कन्स्ट्रक्टर, फील्ड वाचणारे दोन गेटर, दोन बिंदू सारखे का हे ठरवायला लागणारे इक्वल्स आणि हॅशकोड, आणि बिंदू मजकुरात दाखवणारं टूस्ट्रिंग असं सगळं लिहायचं. तीसेक ओळी सहज होतात. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) त्या लिहून देतो, पण पुढे सांभाळायच्या आपल्यालाच. नंतर झेड हे तिसरं फील्ड आलं आणि इक्वल्स-हॅशकोडमध्ये घालायचं राहिलं, तर कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण टाइप सगळे जुळतात. फक्त झेड वेगळा असलेले दोन बिंदू आता एकच ठरतात आणि हॅशसेटमध्ये, म्हणजे सारख्या वस्तू एकदाच ठेवणाऱ्या संचात, दुसरा शिरतच नाही. ही चूक शोधताना दिवस जातो. २०२१ मध्ये जावा १६ सोबत आलेला रेकॉर्ड हेच काम एका ओळीत करतो, आणि टाइपची हमी जराही कमी होत नाही.

उलट, टाइप सिस्टम सशक्त असेल तर कोड आखूड होतो. गो या भाषेत जवळजवळ प्रत्येक फंक्शन कॉलनंतर एरर निल (म्हणजे रिकामी) आहे का हे तपासणाऱ्या तीन ओळी येतात. शिवाय फंक्शन नुसतं कॉल करून परत आलेली एरर सोडून दिली, तरी कंपायलर अडवत नाही. रस्ट या भाषेत रिझल्ट (उत्तर किंवा एरर, यांपैकी एक) हा टाइपच असल्यामुळे त्या तीन ओळींचं काम एक प्रश्नचिन्ह करतं, आणि रिझल्ट तसाच टाकून दिला तर वॉर्निंग मिळते.

स्टॅटिक आणि स्ट्राँग (टाइपची सरमिसळ मुकाट्याने न चालवणारी भाषा) यांचीही गल्लत नको. पायथन डायनॅमिक आहे, म्हणजे टाइप कोड चालतानाच पाहते, तरी स्ट्रिंग (मजकूर) "५" मध्ये ३ मिळवायला गेलात तर टाइपएरर देतं. जावास्क्रिप्ट मुकाट्याने "५३" देते; वजा केलंत तर २.

पायथनमध्ये २०१५ पासून टाइप हिंट, म्हणजे कोडमध्ये लिहिलेल्या टाइपच्या सूचना, आहेत, पण कोड चालताना पायथन त्या तपासत नाही. त्या तपासणारं मायपाय हे साधन वेगळं चालवावं लागतं, आणि ज्या फंक्शनला एकही हिंट नाही त्याच्या आत ते आपणहून डोकावत नाही. म्हणून स्ट्रिक्ट मोड लावाच.

मग टाइप लिहायचा कुठे? माझ्या मते फंक्शनच्या सिग्नेचरवर (ते काय घेतं आणि काय परत देतं, हे सांगणाऱ्या ओळीवर), न चुकता. आतली व्हेरिएबल कंपायलरवर सोडा. हास्केलमध्ये सिग्नेचर वगळलं, तर चूक एका फंक्शनमध्ये आणि एरर भलत्याच ओळीवर दिसते. रस्ट सिग्नेचर सक्तीचंच करतं. तिथे आतही कधी टाइप सांगावा लागतो, उदाहरणार्थ स्ट्रिंग पार्स करताना (मजकुराचा आकडा करताना), कारण तिचा पूर्णांक हवा की दशांश, हे बऱ्याचदा बाकीच्या कोडवरून कळत नाही.