स्टायलची गिरणी: जमिनीखालचं पाहायला हवं

मँचेस्टर विमानतळावरून सुटलेलं विमान डोक्यावरून गेलं, तेव्हा मी चेशरमधल्या स्टायल गावाजवळ बॉलिन नदीकडे जाणारा उतार उतरत होतो. झाडी इतकी दाट की गिरणी आधी दिसतच नाही. मग एका वळणावर पाच मजली लाल विटांची इमारत एकदम समोर येते. एकसारख्या खिडक्यांच्या रांगा आणि छपरावर घंटेची छोटी घुमटी. आमच्या लालबागेत भोंगा होता, इथे घंटा.

सॅम्युएल ग्रेगने ही क्वारी बँक मिल १७८४ मध्ये काढली. सूतकताईची यंत्रं तेव्हा पाण्यावर चालायची, म्हणून जिथे नदीला उतार तिथे गिरणी. पुढे जास्त ताकद हवी झाली, तेव्हा केलेली युक्ती मला फार आवडली. नदी वर उचलता येत नाही, म्हणून त्यांनी चाकच खाली नेलं! खोल खड्डा खणून त्यात ३२ फूट व्यासाचं, २१ फूट रुंद लोखंडी चाक बसवलं. चाकावरून पडलेलं पाणी भुयारातून पार खालच्या अंगाला नदीत सोडलं. बाहेरून शांत, नेटकी दिसणारी ही वास्तू खरी या खड्ड्यावर उभी आहे.

ते चाक आता नाही. सध्याचं यॉर्कशरच्या ग्लासहाउसेस गिरणीतून आणलेलं आहे. मी गेलो तेव्हा ते थांबलेलं होतं, त्यामुळे कठड्याला टेकून निवांत पाहता आलं. एवढं अवजड चाक, पण आरे किती बारीक! ताकद मधल्या आसातून घेतलेलीच नाही. ती कडेच्या दात्यांवरून उचलली आहे, म्हणून आस आणि आरे हलके ठेवता आले.

अशा आडजागी कामगार कुठून येणार? १७९० मध्ये मुलांसाठी वेगळं घर बांधलं. गरिबांसाठीच्या आश्रयगृहांतून (वर्कहाउसमधून) आणलेली ही पोरं एका पलंगावर दोन-दोन झोपत. त्यांतली दोघं १८०६ मध्ये लंडनला पळून गेली. एकाचं बोट यंत्रात गेलं होतं. यंत्रांवर येणारा कापूसही गुलामांच्या श्रमाचा होता, आणि ग्रेग कुटुंबाचा कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या मेहनतीवर चालणारा मळा होता. या देखण्या विटांसमोर उभं राहताना हे विसरता येत नाही.

टेकाडावर कामगारांसाठी बांधलेली ओक कॉटेजेस आहेत, १८२० च्या दशकातली. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे स्वतंत्र संडास आणि भाजीपाल्याला जमिनीचा तुकडा. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या मला हे ऐसपैस वाटलं. स्वतःचा संडास! चाळीत सकाळी डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्यालाच त्याची किंमत कळते.

मग घरांच्या पायथ्याशी नजर गेली. जमिनीलगत तळघरं आहेत, आणि तिथेही भाडेकरू राहत. वर एक बिऱ्हाड, खाली त्याहून गरीब दुसरं. गिरणीला पाण्यासाठी जमिनीत उतरावं लागलं आणि इथे माणसांना भाड्यासाठी.

आजही या घरांतून लोक भाड्याने राहतात. एका तळघराच्या खिडकीवर जाळीचा पडदा होता, आत दिवा लागला होता. समोरच्या वाफ्यात कुणीतरी घेवड्याच्या वेलाला काठ्या बांधत होतं.