तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या झेनचा एसी काढावा का?

माझ्या मारुती झेनचं बॉनेट उघडलं की शेजारी उभा असलेला माणूस हमखास विचारतो, "कॉम्प्रेसर कुठाय?" म्हणजे एसीचा गॅस दाबणारा पंप. काढलाय म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "हलकी झाली का गाडी? आम्हीपण काढू का?" विचारणाऱ्याकडे बहुतेक जुनी, कार्ब्युरेटरवाली झेन किंवा मारुती ८०० असते.

आधी वजनाचं सांगतो. कॉम्प्रेसर, त्याचा लोखंडी ब्रॅकेट, कंडेन्सर (गरम गॅस थंड करणारी जाळी), त्याचा पंखा, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी बाटली) आणि पाइप मिळून साधारण १५ ते २० किलो भरतात. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास. तिची ३५ लिटरची टाकी फुल्ल केली की नुसतं पेट्रोलच २६ किलोचं होतं. तेव्हा फक्त किलो घटवायचे असतील, तर टाकी अर्धी ठेवूनही बरंचसं साधतं.

"एसीमुळे कात्रजच्या चढाला गाडी ओढत नाही," हेही नेहमी ऐकतो. एसी चालू असताना ते खरंच आहे. इंजिन ५० हॉर्सपॉवरचं, त्यातले तीन-चार कॉम्प्रेसर खातो. पण बटण बंद केलं की कॉम्प्रेसरला बेल्टच्या पुलीशी जोडणारा मॅग्नेटिक क्लच सुटतो, पुली तेवढी बेल्टवर मोकळी फिरत राहते आणि ताकद इंजिनाला परत मिळते. त्यासाठी पाना हातात घ्यायची गरज नाही.

मग मी का काढला? माझा कॉम्प्रेसर जाम झाला होता, आणि ही गाडी मी मातीच्या ट्रॅकवर पळवतो. तिथे वजन किती घटलं यापेक्षा कुठून घटलं हे महत्त्वाचं. हे सगळं सामान गाडीच्या नाकाशी असतं, कंडेन्सर तर पुढच्या चाकांच्याही पुढे. ते गेलं की पॉवर स्टीअरिंग नसलेली गाडी वळणात नाक चटकन आत घेते. रेडिएटरला थेट वारा मिळतो. आणि इंजिनाच्या कडेने हात घालायला जागा होते. दर रविवारी स्वतः गाडी खोलणाऱ्याला त्या जागेची किंमत कळते.

घरच्या गाडीतला चालू एसी मात्र काढू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. पुण्यात एसी फक्त एप्रिल-मेसाठी नसतो. जुलैत ताम्हिणीत चार माणसं ओल्या कपड्यांनी गाडीत बसली की काच आतून धूसर होते. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळते आणि काचेवर कोरडी हवा येते. हीटर लावून, बाहेरची हवा घेऊनही काच निवळते, पण वेळ लागतो, आणि घाटातल्या वळणावर तेवढा वेळ हातात नसतो.

तरी काढायचाच असेल, तर आधी एसीतला गॅस. पाइपचा नट सैल करून गॅस हवेत सोडून देणारे अजूनही आहेत. त्यांना थांबवा. आर-१३४ए हा एसीतला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या १,४०० पटींच्या आसपास उष्णता अडकवतो. त्याआधीचा आर-१२ त्याहून वाईट, तो ओझोनही खातो. शिवाय अंगावर उडाला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. गॅस ओढून घेणारं मशीन ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडूनच रिकामा करून घ्या.

डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल मी तशीच ठेवली. ब्लोअरची हवा तिच्याच डब्यातून हीटरकडे जाते. डबा काढला तर मध्ये तेवढं भगदाड राहतं आणि काचेवर वारा येत नाही. डबा काढायचाच तर बिनएसीच्या गाडीतला जोडतुकडा पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांत शोधावा लागेल.

काढलेलं सामान जुन्या बाजारात भंगारात घालू नका. उद्या गाडी घेणाऱ्याला एसी हवा असू शकतो. कॉम्प्रेसरची आणि पाइपांची तोंडं लगेच बुचं मारून बंद करा, कारण आतलं तेल हवेतला ओलावा ओढतं. मग सगळं माळ्यावर ठेवा. ड्रायर तेवढा ठेवू नका. परत बसवताना तो नवाच घ्यावा लागतो.