हजेरीपटावरचा तांडेल

आपल्या वर्गात हजेरी सुरू झाली की तांडेल, नाखवा, सारंग अशी आडनावे एकामागून एक यायची. शाळेच्या कुंपणापलीकडे, बंदरावर, तेच शब्द पदे म्हणून वापरले जात. वर्गातला तांडेल कधी होडीत चढलेला नसे, आणि बंदरावरच्या तांडेलाचे आडनाव वेगळेच असे. या शब्दांच्या अर्थांची आज फार गल्लत होते, म्हणून महोत्सवी अंकात जागा मिळाली तेव्हा त्यांच्याबद्दलच लिहायचे ठरवले.

तांडेल म्हणजे होडी चालवणारा प्रमुख. होडीचा मालक तो नाखवा. एकच माणूस दोन्ही असू शकतो, पण नाखवा किनाऱ्यावर बसून राहिला तरी चालते, तांडेलाला पाण्यात जावेच लागते. नाखवा स्वतः होडीत असला, तरी जाळे कुठे सोडायचे आणि कधी परतायचे हे तांडेलच सांगतो. हाताखालचे ते खलाशी. डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा झाला की उरलेल्या पैशाचे होडी, जाळे आणि माणसे असे वाटे पडतात. प्रमाण बंदरागणिक बदलते, पण तांडेलाचा वाटा खलाशापेक्षा मोठा असतो.

तो मोठा का, हे डोल जाळ्यावरून कळते. हे पिशवीसारखे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधतात, तोंड प्रवाहाकडे आणि शेपटाकडचा बारीक विणीचा खोला मागे. जाळे ओढायचे नसते, पाणीच मासा आत आणते. म्हणून सगळा हिशेब पाण्याच्या वेळेचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा ठोकताळा मुंबईच्या आसपास चांगला जुळतो, खाडीत आत गेले की भरती उशिरा पोहोचते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण जोरात असते, प्रवाह तगडा, जाळ्याचे तोंड पूर्ण उघडे. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग लागते, पाणी संथ होते आणि जाळे निम्मे मिटते. जाळे उचलायचे ते भरती आणि ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात. उशीर झाला, पाणी उलटले, की मासा तोंडातून निसटतो आणि जाळे पिळून खुंटाला गुरफटते. ही थोडी मिनिटे अचूक धरणारा तो तांडेल. यंत्रे येण्याआधी तो किनाऱ्यावरच्या दोन खुणा, समजा देवळाचा कळस आणि मागची टेकडी, एका रेषेत आणून जागा ओळखायचा. खोली वावात मोजायची. एक वाव म्हणजे सहा फूट. दोरीला बांधलेल्या शिशाच्या बुडाला चरबी लावली की तळाचा चिखल किंवा वाळू चिकटून वर येई.

आता या शब्दांचे कूळ. नवल असे की यातले बहुतेक शब्द जमिनीवरून पाण्यात गेले आहेत. फारसीत 'सरहंग' म्हणजे सैन्यातला अधिकारी. त्याचा आपल्याकडे सारंग झाला, आणि शिवकालीन आरमारात 'दर्यासारंग' हा किताब दिसतो. 'लश्कर' म्हणजे फौज. त्यावरून युरोपीय जहाजांवरच्या हिंदी खलाशाला 'लस्कर' म्हणू लागले. 'सरखेल' तर मुळात घोडदळाच्या पथकाचा प्रमुख. कान्होजी आंग्र्यांकडे ते पद आले आणि शब्दाला खाऱ्या पाण्याचा वास लागला. तांडेल हाही मुळात माणसांच्या टोळीचा प्रमुख. इंग्रजांच्या दप्तरात तो 'टिंडल' होऊन येतो: जहाजावर, तोफखान्यातल्या लस्करांवर, आणि रस्ते-बांधकामाच्या टोळ्यांवरही. अस्सल समुद्राचा म्हणावा तो नाखवा. फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी.

आगबोटींवर या शब्दांची पक्की उतरंड बसली. डेकवर सगळ्यांत वर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, मग खलाशी. सुकाणू धरणारा सुकाणी वेगळा. इंजिनखात्यातही स्वतंत्र सारंग आणि तांडेल असत, त्यांच्याखाली तेलवाला, आगवाला, कोयलावाला. स्वयंपाकी तो भंडारी. म्हणजे होडीवर सर्वेसर्वा असलेला तांडेल आगबोटीवर दुसऱ्या पायरीवर येतो. जुनी पत्रे वाचताना ही पायरी विसरली की अर्थ चुकतो. बंदरात माणसे भरती करून देणारा आणि त्यांना कर्जात बांधणारा 'घाट सारंग' हा आणखी निराळा. तो जहाजावर जातच नसे. सारंग हे पद १९१७ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यातही आले, सक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या रूपाने.

मग हेच शब्द परत जमिनीवर आले. खलाशी हे पद रेल्वेच्या कारखान्यांत आणि पाटबंधारे खात्यात रुजले, जिथे समुद्राचा संबंध नाही. बाकीचे आडनावांत स्थिरावले. ही आडनावे जातीची नाहीत, कामाची आहेत, असे माझे ठाम मत आहे. नाखवा कोळ्यांतही आहेत आणि कोकणी मुसलमानांतही, सारंग हिंदूंतही आहेत आणि मुसलमानांतही. आडनावावरून जात ताडणारा इथे हमखास फसतो. शिवाय कोळीवाड्यात 'नाखवा' ही मानाची हाकही आहे. हाक मारलेल्या माणसाच्या मालकीची होडी असेलच असे नाही.

शाळेचे जुने प्रवेश अर्ज चाळणाऱ्यांसाठी एवढे सांगतो. 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात तांडेल किंवा सारंग लिहिले असेल, तर ते आडनाव समजून उतरवू नका. खलाशी असेल तर पत्ता पाहा: रेल्वे वसाहत असेल तर तो कारखान्यातला, कोळीवाडा असेल तर होडीवरचा. आणि दमण-वलसाडकडून आलेली कुटुंबे 'टंडेल' लिहितात, आपल्याकडे 'तांडेल'. एकाच घरातल्या दोन भावंडांच्या दाखल्यांवर दोन रूपे दिसली, तर खाडाखोड करू नका. मूळ नोंद तशीच ठेवा आणि दुसरे रूप शेऱ्यात लिहा.