ओरोस ते बांबोळी: दोन मेडिकल कॉलेजांचा रस्ता

कुडाळ सोडून दक्षिणेला निघालं की झाराप येतं, मग सावंतवाडीला बगल देऊन बांदा आणि पुढे गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका. पर्यटकांच्या गाड्या इथून समुद्राच्या ओढीने जातात. सायरन वाजवत जाणाऱ्या १०८ रुग्णवाहिका मात्र बऱ्याचदा बांबोळीला निघालेल्या असतात. तळकोकणात ‘गोव्याला हलवलं’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, पेशंट गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेलाय. यंदा मी हा रस्ता फक्त रुग्णालयांसाठी केला.

सुरुवात ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज यायला २०२१-२२ उजाडलं. त्या वर्षी अलिबाग आणि ओरोस सुरू झालं, रत्नागिरी २०२३ मध्ये. ओरोसला जिल्हा रुग्णालयालाच कॉलेज जोडलं. वर्षाला १०० विद्यार्थी घ्यायचे तर सध्याच्या निकषांप्रमाणे ४२० खाटा लागतात. खाटा वाढवता येतात, इमारतही बांधता येते. खरी वाट पाहावी लागते ती माणसांची. एमबीबीएसची साडेचार वर्षं झाल्यावरच विद्यार्थी इंटर्न होतो, म्हणजे पाटी लागली त्या दिवशी वॉर्डात एकही इंटर्न नसतो. निवासी डॉक्टर मिळतात पदव्युत्तर जागा मंजूर झाल्यावर. रात्री दोन वाजता सलाईन लावणारा, रक्त घेऊन लॅबकडे धावणारा, दर तासाला बीपी बघणारा हात याच दोन पायऱ्यांवरचा असतो. ‘कॉलेज झालं तरी अजून गोव्यालाच पाठवतात’ ही गावोगावची तक्रार रास्त आहे. तिच्यामागे हे गणितही आहे.

या किनाऱ्यावर रात्री धावणारा हात किती मोलाचा, ते सर्पदंशात दिसतं. कोकणच्या जांभ्या कातळावर फुरसं भरपूर. त्याच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. ते तपासायला महागडं यंत्र लागत नाही. काचेची नवी, कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची, शिरेतलं दोन-तीन मिली रक्त तिच्यात सोडायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. इतकी साधी चाचणीही चुकते. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर निरोगी माणसाचं रक्तही पातळच राहतं. कुणी घाईने दहाव्या मिनिटाला नळी हलवून बघितली तरी निकाल बिघडतो. म्हणून वेळ लावून शेजारी उभं राहणारं माणूस लागतं. रक्त गोठलं नाही तर प्रतिविषाच्या साधारण दहा कुप्या सलाईनमधून तासाभरात देतात. मुलांनाही तेवढ्याच, कारण साप चावताना वय बघून विष कमी सोडत नाही. अॅड्रेनलिन हाताशी भरून ठेवावं लागतं, प्रतिविषाची रिअॅक्शन जीवघेणी ठरू शकते. सहा तासांनी पुन्हा तीच चाचणी, नव्या नळीत. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालतं. सह्याद्रीच्या झाडीतल्या चापड्यावर नाही. हा फरक ओळखणारी नजर मेडिकल कॉलेजात तयार होते, कारण तिथे एका पेशंटभोवती दहा जण उभे असतात आणि एक जण विचारत असतो, ‘बोला, आता काय करायचं?’

बांद्याहून पुढे जाताना डावीकडे दोडामार्गची डोंगररांग. २०१६ पासून या पट्ट्यात माकडतापाचे, म्हणजे रानातल्या गोचिडी चावून होणाऱ्या तापाचे रुग्ण सापडू लागले. काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्याला ताप आला तर ‘कुठे काम करता?’ हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा. कॉलेजच्या रुग्णालयात इंटर्न, निवासी डॉक्टर आणि प्राध्यापक तेच तेच विचारतात म्हणून नातेवाईक वैतागतात. वैतागू नये. पहिल्या दोघांना न सांगितलेली काजूची बाग पुष्कळदा तिसऱ्याला सांगितली जाते.

पणजीत थोडं थांबावं. मांडवीच्या काठावर गोमेकॉची जुनी इमारत आहे. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत तिथे गर्दी उसळते. पोर्तुगीज काळातली वैद्यकीय शाळा १८४२ ची, म्हणजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपेक्षा तीन वर्षांनी जुनी. इथे शिकलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोलासारख्या पोर्तुगीज वसाहतींतही नोकरीला गेले. मुक्तीनंतर १९६३ मध्ये तिचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि पुढे नव्वदच्या दशकात कारभार बांबोळीच्या पठारावर गेला. जुन्या दगडी पायऱ्यांवर उभं राहून मला ओरोसच आठवत होतं. दोन्हींच्या वयात जवळजवळ १८० वर्षांचं अंतर आहे, आणि ते रुग्णवाहिकेतून कापावं लागतं.

बांबोळी पणजीहून पाच-सहा किलोमीटर, मडगावच्या रस्त्यावर. पणजी स्टँडवरून मडगावची शटल पकडणार असाल तर आधी विचारा, ती विनाथांबा असते. रेल्वेने येणाऱ्याला करमळी जवळचं. तातडीचं नसेल तर सकाळी लवकर पोहोचा, केसपेपरची खिडकी दिवसभर उघडी नसते. मेडिकल कॉलेजांत बहुतेक विभाग युनिटांत वाटलेले असतात. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला. पेपरवरचं युनिट आणि वार पहिल्याच दिवशी वाचून घ्या. दुसऱ्या वारी गेलात तर वेगळे डॉक्टर भेटतात, जुनी फाईल त्यांच्यासमोर नसते आणि तपासण्या पुन्हा होतात.

ओरोसहून किंवा सावंतवाडीहून रेफर केलं असेल तर चिठ्ठीवर तीन गोष्टी आहेत का ते बघा: काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं. ‘इंजेक्शन दिले’ एवढ्याने पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही, विशेषतः सर्पदंशात. एक्स-रेची फिल्म सोबत घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही. आधार आणि रेशनकार्ड मूळ प्रतीसह ठेवा. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना गोमेकॉत शुल्क लागू झालं. महाराष्ट्राच्या जनआरोग्य योजनेत आपला उपचार तिथे बसतो का, हे निघण्यापूर्वी ओरोसच्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला विचारून घ्या. ऑपरेशन असेल तर रक्त देऊ शकणारे दोघे तरी बरोबर न्या, आणि त्यांना उपाशी नेऊ नका. उपाशीपोटी रक्तदान करू देत नाहीत.