आमची वाटचाल : भोंगा वाजतो, पण फोन लागतो का?

कोल्हापूरच्या गुजरीतली सराफी दुकानं आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पतसंस्था, हे आमचं गिऱ्हाईक. चोर शिरला की भोंगा वाजवून मालकाला फोन लावणारे अलार्म आम्ही बसवतो. सुरुवातीला सगळा कारभार लँडलाइनवर. पॅनेल म्हणजे अलार्मचं मुख्य खोकं, आपोआप फोन लावणारा ऑटो डायलर आणि टेलिफोनच्या तांब्याच्या तारांची जोडी. टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीवरून येणारे ४८ व्होल्ट दुकानातली वीज गेली तरी जिवंत असायचे. दुबळी जागा एकच, भिंतीवरून उतरणारी ड्रॉप वायर, म्हणजे खांबावरून दुकानात येणारी टेलिफोनची तार. ती छाटली की डायलर मुका. म्हणून आम्ही ती लोखंडी जीआय पाइपातून घ्यायचो आणि लाइनचा व्होल्टेज पडला की भोंगा वाजेल अशी जोडणी करायचो. बाकीचे अलार्मवाले नुसते दोन स्क्रू आवळून निघायचे. टेलिफोनच्या तारा बसवायचं क्रोन टूल, लाइनमनचा टेस्ट फोन आणि मल्टिमीटर अजून पिशवीत असतात. नवी पोरं हसतात, हसू देत.

पुढे जीएसएम आलं, म्हणजे लँडलाइनऐवजी पॅनेलमध्येच मोबाइलचं सिम. ती वर्षं बरी गेली.

२०१८ च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी किमान रिचार्ज लावला : ३५ रुपये, २८ दिवस. तोवर पॅनेलमधल्या लाइफटाइम सिमकडे कुणी बघतही नव्हतं. रिचार्ज थकला की आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंग. पॅनेलवरचा हिरवा दिवा मात्र तसाच, कारण तो वीज आहे एवढंच सांगतो. आम्ही गिऱ्हाइकांना फोन करून कळवलं, पण महिन्याला ३५ रुपये कशाला, हा सूर.

नेमकी हीच वेळ साधून बाहेरगावची एक कंपनी दारोदार फिरायला लागली. गळ्यात ओळखपत्र, ‘तुमच्याच अलार्मवाल्यांकडून आलोय, अपग्रेड आहे.’ पॅनिक बटण दाबायचं, फोन लागत नाही हे दाखवायचं आणि मशीन मेलंय म्हणून सांगायचं. मेलेलं असायचं सिम! आमची धडधाकट पॅनेलं उतरवली गेली, त्याबरोबर एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचे करार गेले, आणि आमच्या दुकानाचं भाडं थकेपर्यंत वेळ आली. त्यांच्या खोक्यात ७ एएचच्या (अँपिअर-तास) जागी १.३ एएचची चिमुकली बॅटरी. सिम त्यांच्याच नावावर, पॅनेलची सेटिंग बदलायचा इंजिनिअर कोडही त्यांच्याकडेच. सहा महिन्यांनी माणसं गायब, आणि त्या पॅनेलला हात लावायचा तर आधी फॅक्टरी रिसेट, म्हणजे सगळी सेटिंग पुसून पहिल्यापासून.

एक सराफ काका तेवढे बधले नाहीत. त्यांनी त्या पोरांना चहा पाजला, मेन स्विच पाडला आणि म्हणाले, ‘आता लावून दाखवा फोन.’ भोंगा वाजला, फोन लागला नाही. साहजिकच आहे. जीएसएम मॉड्यूल नेटवर्कशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. त्यात भोंग्याचा भार आला की चिमुकल्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो आणि मॉड्यूल रिस्टार्ट होत बसतं. काकांचं पॅनेल आजही आमच्याच देखभालीत आहे.

ही चाचणी तुम्हीही करा, कुणी सांगायची वाट बघू नका. वीज बंद, भोंगा चालू, फोन जाऊ द्या आणि मीटर बॅटरीवर. साडेअकरा व्होल्टच्या खाली घसरला तर बॅटरी बदला. अँटेना पत्र्याच्या खोक्याच्या बाहेर काढा. स्वस्त पडतं म्हणून सिम पोर्ट करण्याआधी विचारा, कारण फक्त ४जी चालवणाऱ्या कंपनीचं सिम जुन्या २जी मॉड्यूलला नेटवर्कच देत नाही.

आता आम्ही दोन वाटा ठेवतो : फायबर आणि ४जी. फायबरवाले एक विसरतात. तांब्याचे ४८ व्होल्ट आता नाहीत, म्हणजे ओएनटी (फायबर जोडायचा डबा) आणि राउटर दोन्ही यूपीएसवर हवेत. पॅनेल दर काही मिनिटांनी सर्व्हरला हजेरी देतं, ती चुकली की आम्हाला कळतं. नुसत्या कॉलवर चालणाऱ्या डायलरचं सिम मेलं तर ते चोरी झाल्यावरच समजतं.

दारात आलेल्याकडून त्या दिवशी काही घेऊ नका. ‘पोलिसांनी बंधनकारक केलंय’ म्हणाला तर लेखी आदेश मागा आणि ठाण्यात फोन करून विचारा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. पोर्टलवर टाकून नाव जुळतं का बघा. आमचा माणूस आलाय म्हणाला तर बिलावरच्या जुन्या नंबरवर फोन करा, त्याने दिलेल्या नंबरवर नव्हे. सेन्सर कुठे कुठे आहेत हे त्याला दाखवू नका. आणि विकत घेतलंच कुणाकडून, तर सिम दुकानाच्या नावावर, मास्टर (मालकाचा) आणि इंजिनिअर कोड दोन्ही कागदावर लिहून, सहीसकट. कोड १२३४ असेल तर त्याच्यासमोरच बदलून घ्या.