टेप हिरवी, पण शब्द नाही

तीन वर्षांखालची पोरं आमच्या अंगणवाडीच्या नोंदीत असतात, खोलीत नसतात. त्यांच्या वाट्याला घरी न्यायचं आहाराचं पाकीट आणि महिन्याचं वजन. खिचडी, गाणी, चित्रं सगळं तीन ते सहावाल्यांचं.

आमची वस्ती नागपुरातल्या कळमना बाजाराजवळची. बायका सकाळीच मिरचीचे देठ खुडायला जातात. संध्याकाळी हातांची अशी आग होते, की तान्ह्याचं तोंड पुसायलाही बिचकतात. दिवसभर बाळ आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

अशाच एका घरातला मुलगा, दीड वर्षाचा. दंडाला गुंडाळून कुपोषण मोजायची टेप असते; दंडघेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर, म्हणजे टेप हिरवी, नोंदीच्या ॲपमध्ये सगळं ठीक. आई मात्र म्हणाली, "पोट्टं बोलतच नाही ना जी ताई." आधी कान तपासून घेतले. कान चांगले होते. घरात त्याच्याशी दिवसभर कोणी बोलतच नव्हतं, एवढंच.

प्रशिक्षणात सांगतात, आईला समजवा. अहो, आई भेटली तर पाहिजे! म्हणून मी बहिणीलाच धरलं. वाटीखाली चमचा लपवायचा, "कुठी गेला?" विचारायचं. बाटलीत हरभरे घालून खुळखुळा. झाकण मीच चिकटपट्टीनं पक्कं करते, हरभरा नाकात गेला की मेयो दवाखान्यात पळावं लागतं. आता तो बहिणीला "दे" म्हणतो. माझ्याशी अजून अबोलाच.

जमैकात संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1986-87 मध्ये हेच सुरू केलं होतं. खुरटलेल्या मुलांच्या घरी आठवड्याला एक तास, दोन वर्षं जायचं आणि घरगुती खेळण्यांनी आईला बाळाशी खेळायला शिकवायचं. वीस वर्षांनी ती मुलं, तशाच पण भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा 25 टक्के जास्त कमावत होती. आपल्याकडेही 2024 मध्ये केंद्राच्या 'नवचेतना' या तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या आराखड्यात 36 महिन्यांचं खेळांचं कॅलेंडर आलंय. चांगलं आहे. पण त्यातला मोठा माणूस आमच्या वस्तीत तिसरीत शिकतो.

हेच मला खुपतं. बहिणीला मी खेळ शिकवते, म्हणजे तिचा शाळेचा खाडा पक्काच करते की काय? हवंय ते पाळणाघर, बाजाराच्या जवळ पण मिरचीच्या धुळीपासून लांब. आणि ते सकाळी सातला उघडावं. दहाला उघडून काय फायदा, तोवर आया अर्धं पोतं खुडून बसलेल्या असतात.