पप्पांच्या टेम्पोची डायरी आणि माझी पीएचडी

मागच्या महिन्यात दोन-तीन ज्युनियर मुलींनी विचारलं की ताई ट्रान्सपोर्टमध्ये रिसर्च करायचा म्हणजे नक्की काय करायचं आणि सोलापुरातनं जमतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मोठं झालंय, सावकाश वाचा.

पप्पांचा छोटा हत्ती आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं टॉवेलचे गठ्ठे उचलायचे, ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसला टाकायचे, बिल्टी म्हणजे मालाची पावती घ्यायची आणि परत. शाळेत असल्यापासून बघतेय, जाताना गाडी भरलेली आणि येताना रिकामी, आणि पप्पा ते रोज रात्री डायरीत लिहितात, कुठून कुठं, किती गठ्ठे, भाडं, हमाली, डिझेल, आणि रिकामी खेप असेल तर नुसता एक गोल. माझा पीएचडीचा विषय म्हणजे तो गोलच आहे, पण हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

२०१५ ला सोलापुरातच बीई सिव्हिल झाले. सिव्हिल म्हणजे बिल्डिंग, आरसीसी, साईट, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. गेट म्हणजे एमटेकची प्रवेश परीक्षा, पहिल्या गेटला स्कोअर आला नाही, दुसऱ्यांदा दिली आणि ट्रान्सपोर्टेशनला एमटेक मिळालं, स्टायपेंड महिना १२,४००, त्यात होस्टेल आणि मेस निघायची. २०१८ ला एमटेक संपल्यावर वर्षभर एका खाजगी कॉलेजात कॉन्ट्रॅक्टवर शिकवलं, तिथं चार-चार महिने पगार व्हायचा नाही आणि विचारलं की म्हणायचे पुढच्या ॲडमिशन झाल्यावर बघू. तेव्हाच ठरवलं की शिकवायचंच आहे तर पीएचडी करून नीट जागी शिकवायचं.

इथं एक सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. या फील्डला येणारे रस्ते बरेच आहेत. सिव्हिलवाल्यांना गेट आणि ट्रान्सपोर्टेशनचं एमटेक, आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंगवाल्यांना दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, आपल्याकडे पुण्याचं सीओईपी, लॉजिस्टिक्स मॅनेजमेंटच्या अंगानं करायचं असेल तर पवईचं जुनं निटी जे २०२३ पासून आयआयएम मुंबई झालंय, रोड सेफ्टीला आयआयटी दिल्लीत वेगळं सेंटरच आहे, आणि दिल्लीचं सीआरआरआय, म्हणजे केंद्र सरकारची रस्ते संशोधन संस्था, तर १९५२ पासून रस्त्यांवरच काम करतंय. एमटेक झालेल्यांना पीएचडीला बऱ्याच ठिकाणी परत गेट मागत नाहीत, लेखी परीक्षा आणि इंटरव्ह्यू असतो. ॲडमिशन साधारण वर्षातनं दोनदा निघतात, मे आणि डिसेंबरच्या आसपास, एकदा हुकलं म्हणून रडत बसू नका.

मी चार ठिकाणी फॉर्म भरले. एका ठिकाणी मी रिकाम्या खेपांचं बोलायला लागले तर एक सर म्हणाले, सोलापूरला डेटा कुठे आहे, मुंबई-पुण्याचं काहीतरी घ्या. काहीच बोलता आलं नाही, तसंच बाहेर आले आणि स्टेशनवर बसून डोळ्यात पाणी आलं. ते जिव्हारी लागलं कारण पप्पांच्या डायऱ्या, नऊ वर्षांच्या, घरी लोखंडी ट्रंकेत पडून होत्या आणि ते सांगायचं मला सुचलंच नाही.

पुढच्या इंटरव्ह्यूला, एका आयआयटीत, दोन डायऱ्या बॅगेत घालून गेले. तिथं मॅडमनी विचारलं, हातगाडीचं पीसीयू किती? पीसीयू म्हणजे एखादं वाहन रस्त्यावर किती कारएवढी जागा अडवतं ते. आयआरसी म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, त्यांचा आयआरसी १०६, १९९० चा कोड, त्यात हातगाडीचा ट्रॅफिकमधला वाटा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर २ आणि १० टक्के किंवा जास्त असेल तर ३ धरतात. हे पाठ होतं, सांगितलं. पण पुढं मी म्हणाले की मॅडम, आमच्याकडे सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या बोळात हातगाडी चालताना त्रास देत नाही, ती भरायला अर्धा तास उभी असते तेव्हा बोळ बंद होतो, आणि हा आकडा तर चालत्या गाडीचा आहे. मग डायरी काढून गोल दाखवले. वीस मिनिटं इंटरव्ह्यू घेणारे सगळे डायरीच बघत होते. जुलै २०१९ ला जॉईन झाले.

पहिलं वर्ष कोर्सवर्क, मग क्वालिफायर, म्हणजे पुढं रिसर्च करू देण्याआधीची परीक्षा. २०२० च्या उन्हाळ्यात सर्व्हे ठरलेला आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, माग बंद, टेम्पो दारात, जवळजवळ दीड वर्ष हातात काही नाही. त्या काळात लॉजिट मॉडेल शिकले, म्हणजे कारखानदार चार गठ्ठे पाठवायला हातगाडी बोलावेल की टेम्पो, कशाची शक्यता किती, ते काढायचं गणित. याच पद्धतीच्या कामासाठी अमेरिकेच्या डॅनियल मॅकफॅडन यांना २००० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय. बायोजीम नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यावरच केलं.

सर्व्हे सुरू झाला तेव्हा खरी परीक्षा. सकाळी ६ ते रात्री १० मोजणी, दर १५ मिनिटांना नवा कागद, प्रत्येक वाहनाला एक उभी रेघ आणि पाचवी आडवी. पहिल्याच दिवशी अशोक चौकाजवळ दोन हातगाडीवाले येऊन विचारायला लागले, महापालिकेकडनं आलात का, गाड्या उचलणार का? नाही म्हटलं तरी विश्वास बसेना, बघता बघता निम्म्या गाड्या दुसऱ्या गल्लीनं जायला लागल्या, म्हणजे माझ्या मोजणीनंच माझा डेटा बिघडला. दुसऱ्या दिवसापासून एका ओळखीच्या दुकानाच्या माडीवर कॅमेरा लावला आणि व्हिडिओ बघून मोजलं. खाली मुलाखती घेताना शेजारच्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातल्या, काकूंना बरोबर घेतलं, त्या तेलुगूत बोलल्या की माणसं मोकळी व्हायची, संमतीचा फॉर्मसुद्धा मी नंतर तेलुगूत करून घेतला.

आणि प्रश्न. माझ्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, महिन्याची कमाई किती. एकानंही सरळ उत्तर दिलं नाही. संध्याकाळी पप्पांना फॉर्म दाखवला तर ते म्हणाले, "कमाई कशाला विचारतीस, काल पहिली खेप कुठनं कुठं मारली ते विचार, मग दुसरी, मग चहा कुठं पिलास, माणूस आपोआप सगळं सांगतो." फॉर्म फाडून नव्यानं केला. गाईड मॅडमनी तो बदल बघून विचारलं, ही पद्धत कुठं वाचलीस? खरं ते सांगितलं. थिसिसमध्ये आभार नंतर आहेतच, पण सर्व्हेच्या चॅप्टरमध्ये पप्पांचं नाव आहे ते या कामासाठी.

पेपरचं थोडक्यात, पहिला पेपर एका जर्नलनं सात महिन्यांनी परत पाठवला, मग दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आला. डिसेंबर २०२३ ला सुरतला सीटीआरजी ही ट्रान्सपोर्ट रिसर्चवाल्यांची कॉन्फरन्स झाली, तिथं प्रेझेंटेशन दिलं, सुरतही कापडाचं शहर त्यामुळे रिकाम्या खेपा कुणाला समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

पैशाचं मात्र नीट लक्षात ठेवा. फेलोशिप मला आधी ३१,००० होती, पुढं ३५,००० झाली, जानेवारी २०२३ पासून दर वाढले तेव्हा ४२,०००. पण ती पाच वर्षंच मिळते. माझी जुलै २०२४ ला बंद झाली आणि थिसिस जमा झाला डिसेंबरात. ते पाच महिने ट्यूशन घेतल्या आणि पप्पांनी गाडीचं टायर बदलणं पुढं ढकललं, हे मला अजून सलतं. म्हणून चौथ्या वर्षातच गाईडबरोबर बसून तारखा ठरवा.

व्हायव्हा, म्हणजे थिसिसची तोंडी परीक्षा, जून २०२५ ला झाला. आता एका प्रोजेक्टवर पोस्टडॉक करतेय आणि असिस्टंट प्रोफेसरचे फॉर्म भरतेय, त्यात पुढच्या पाच वर्षांत काय करणार ते लिहून द्यावं लागतं. मी मार्केट यार्डातला कांदा लिहिलाय. डिसेंबर-जानेवारीत कांद्याच्या गाड्यांची रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते, त्यातली प्रत्येक गाडी किती तास उभी राहते ते मोजायचंय. दोन मुली तयार आहेत, तिसरी हवीय, पहाटे चारला यार्डाच्या गेटवर येऊ शकणारी. हायवेच्या त्या बाजूला राहत असेल तर उत्तम, सोडायला पप्पांची गाडी आहे.